उलटे कोरलेले संत

तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याची कला मराठवाड्याला नवी नाही. ज्या राष्ट्रकूट घराण्याच्या राजांनी आपल्या कोरीव लेखांत स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेतले आणि ज्यांचे ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात, त्या घराण्याच्या काळात भूमिदानाचे लेख ताम्रपटांवर खोदून कडीत ओवले जात आणि त्यांवर राजमुद्रेचा ठसा उमटवला जाई. ताम्रपटाचे अक्षर वाचण्यासाठीच कोरलेले असल्याने ते सुलटे असे. पत्रा हाच दस्तऐवज होता आणि एका दानाचा एकच पट पिढ्यानपिढ्या टिकावा हा त्यामागचा हेतू होता. युरोपात पंधराव्या शतकात सोनारांच्या हाताखालून जी ताम्रमुद्रणाची कला निघाली, तिने हा हिशेब उलटा केला. तिथे पत्र्यावर आकृती उलटी कोरली जाई, तिच्या रेषांत शाई भरून तो पत्रा कागदावर दाबला जाई, आणि कागदावर उमटलेले सुलटे चित्र हेच खरे फळ असे. पत्रा पेटीत राहायचा आणि कागद जगभर हिंडायचा. कॅथलिक पंथाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंत या हिंडणाऱ्या कागदाचा जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या धर्मसंस्थेने केला असेल, आणि त्या कागदाची एक वाट गोव्यामार्गे मराठी ओवीच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचली होती.

साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय कलाशैलीला 'बरोक' म्हणतात. वेड्यावाकड्या मोत्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले असे सामान्यतः मानले जाते, आणि प्रारंभी ते कौतुकाचे नव्हते. आवेग, हालचाल, प्रकाश-अंधाराचा तीव्र विरोध आणि पाहणाऱ्याच्या भावनेला थेट हात घालण्याची ओढ ही या शैलीची लक्षणे होत. बरोक म्हटले की रोममधील भव्य घुमट, संगमरवरी पुतळे आणि चित्रकार रूबेन्सची पुरुषभर उंचीची तैलचित्रे आठवतात. परंतु त्या काळातील सामान्य कॅथलिक माणसाच्या हाती जे बरोक आले ते तळहाताएवढे, काळ्या शाईचे आणि कागदाचे होते.

या कागदामागची कृती समजून घेतल्याशिवाय त्याचे सामर्थ्य कळत नाही. लाकडी ठशात जो भाग छापायचा तो उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतात, त्यामुळे असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांसोबत एकाच यंत्रात बसतो. ताम्रमुद्रणात याच्या नेमके उलट घडते. घासून आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर कारागीर पोलादी टोकाचे 'बुरिन' नावाचे हत्यार तळहाताच्या रेट्याने पुढे ढकलतो आणि पत्र्यात चर पाडतो. हाताचा दाब वाढवला की रेषा जाड होते, सैल केला की केसासारखी बारीक होऊन विरते. मग पत्रा कोमट करून त्यावर शाई चोळतात, पृष्ठभाग कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून स्वच्छ करतात, त्यामुळे शाई फक्त चरांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून तो दोन जड रुळांमधून ओढून काढला की कागद चरांत शिरून शाई उचलतो. अक्षरे छापण्याच्या यंत्रात हे काम होत नसल्याने ताम्रचित्रे असलेल्या पुस्तकाला दोन वेगळ्या यंत्रांतून जावे लागे, आणि खर्चही त्या प्रमाणात वाढे. बुरिनने खोदलेल्या एका पत्र्यातून हजार-दोन हजार चांगल्या प्रती निघत; त्यानंतर रेषा झिजू लागल्या की पुन्हा खोदून पत्रा ताजा करीत. आम्लाच्या साहाय्याने रेषा खाववण्याची दुसरी, अधिक मोकळ्या हाताची पद्धतही होती. लोरेनच्या (आज फ्रान्समध्ये) जाक कालो या कलावंताने तिचा कळस गाठला. वर्षातील प्रत्येक दिवसाच्या संताचे चिमुकले चित्र देणारा त्याचा संच त्याच्या मृत्यूनंतर १६३६ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा चित्राच्या तळाशी बहुधा तीन लॅटिन शब्द आढळतात आणि ते या धंद्याची रचनाच सांगून जातात. 'इन्व्हेनिट' म्हणजे कल्पना व रेखाटन ज्याचे तो चित्रकार, 'स्कल्पसिट' म्हणजे पत्रा कोरणारा आणि 'एक्स्कुडिट' म्हणजे छापून विकणारा प्रकाशक. पत्रा प्रकाशकाच्या मालकीचा असे आणि तोच खरी संपत्ती असे. प्रकाशक मेला की पत्रे वारसांकडे जात, विकले जात, नव्या मालकाचे नाव कोरून पुन्हा छापले जात. लोकप्रिय चित्राची चोरीही सर्रास होई. चोर कारागीर छापील चित्र समोर ठेवून तसेच्या तसे पत्र्यावर उतरवी, त्यामुळे त्याची प्रत आरशातल्यासारखी उलटी निघे आणि आशीर्वाद देणारा ख्रिस्त एकाएकी डावखुरा होऊन बसे. नक्कल ओळखण्याची ही खूण आजही अभ्यासकांच्या कामी येते.

कॅथलिक धर्मसंस्थेला चित्रांची एवढी निकड भासण्यामागे संकट होते. मार्टिन ल्यूथरपासून सुरू झालेल्या सुधारणेच्या चळवळीतील अनेक पंथांनी, विशेषतः कॅल्व्हिनच्या अनुयायांनी, प्रतिमापूजेला मूर्तिपूजा ठरवले. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमधील पुतळे आणि चित्रे फोडली, त्यात अँटवर्पचे मुख्य चर्चही सुटले नाही. त्यापूर्वी जवळजवळ तीन वर्षे, म्हणजे डिसेंबर १५६३ मध्ये, ट्रेंट येथे १५४५ पासून खंड पडत चाललेल्या धर्मसभेने शेवटच्या बैठकीत प्रतिमांविषयी निर्णय दिला होता. प्रतिमेत स्वतःची कोणतीही दैवी शक्ती नसते, तिला दिलेला मान ती ज्याची आहे त्या मूळ व्यक्तीला पोहोचतो, चित्रांतून लोकांना धर्मकथांचे शिक्षण मिळते, आणि बिशपच्या संमतीविना कोणतीही विलक्षण प्रतिमा उभारू नये, असा त्याचा आशय होता. सगुण-निर्गुणाचा वाद ज्यांच्या संतपरंपरेत शतकानुशतके घोळला आहे त्या मराठी वाचकाला या युक्तिवादातील पहिला भाग ओळखीचा वाटेल. शेवटचा भाग मात्र शुद्ध कारभाराचा आहे. प्रतिमा हवी, पण ती मंजूर हवी, आणि मंजूर झालेली एकच प्रतिमा सर्वत्र सारखी हवी, या गरजेला ताम्रपत्राइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते.

नासधूस झालेले तेच अँटवर्प शहर पुढे वीस-पंचवीस वर्षांत या मुद्रणाची राजधानी झाले. क्रिस्तोफ प्लांतँ याने तिथे १५५५ मध्ये सुरू केलेल्या छापखान्याने स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने १५६८ ते १५७३ या काळात अनेक भाषांतील बायबल आठ खंडांत छापले आणि स्पेनच्या साम्राज्यासाठी प्रार्थनाग्रंथ पुरवण्याचा हक्क मिळवला. त्याच्या जावयाचे, मोरेतुसचे, घराणे पुढे रूबेन्सकडून ग्रंथांच्या मुखपृष्ठांची रेखाटने करून घेई. त्यांची वास्तू आज संग्रहालय असून जागतिक वारशाच्या यादीत आहे. या शहरातील कोरणाऱ्यांत योहानेस, हिएरोनिमुस आणि अँटोनियुस हे व्हीरिक्स बंधू अग्रगण्य होते. त्यांच्या घराण्याच्या नावावर दोन हजारांहून अधिक चित्रे आहेत, त्यांतली बहुसंख्य धार्मिक, आणि इतकी बारीक की त्यांतली एखादी रेषा नुसत्या डोळ्यांनी वेगळी काढणे कठीण जावे. हे भाऊ चार दिवस काम करून मिळालेली मजुरी गुत्त्यात उडवतात आणि काम हवे असेल तर त्यांना तिथून शोधून आणावे लागते, अशी तक्रार प्लांतँने पत्रात केली होती. बालयेशू भक्ताच्या हृदयात शिरून ते झाडून काढतो आणि तिथे सिंहासन मांडतो, अशी हळुवार चित्रमाला कोरणारे हात हेच होते. भक्तिकलेच्या इतिहासात कारागिराच्या चारित्र्याचा शोध फारसा फलदायी ठरत नाही, हे यावरून लक्षात यावे.

या सर्व उद्योगातील सर्वांत विचारपूर्वक रचलेला ग्रंथ म्हणजे जेरोनिमो नादाल या जेझुइट धर्मगुरूचा, १५९३ मध्ये अँटवर्पहून निघालेला, शुभवर्तमानांतील प्रसंगांचा चित्रसंग्रह. जेझुइट म्हणजे इग्नेशियस लोयोला याने स्थापिलेल्या येशूसंघाचे सदस्य. इग्नेशियसने आपल्या ध्यानपद्धतीत 'स्थळाची रचना' नावाची पायरी सांगितली होती: साधकाने प्रसंग घडला ती जागा, तिथला रस्ता, गुहा, उजेड, माणसे मनात उभी करावीत आणि मगच चिंतन सुरू करावे. मानसपूजेत देवाचे आसन आणि उपचार मनाने मांडतात, त्याच जातीची ही क्रिया आहे. ज्याला कल्पना करणे जमत नाही अशा नवख्या साधकाला ती जागा तयार मिळावी म्हणून नादालने १५३ चित्रांची योजना केली. तो १५८० मध्ये वारला. पत्रे पूर्ण होऊन पुस्तक निघायला आणखी तेरा वर्षे गेली, आणि त्यांचे बरेचसे कोरकाम व्हीरिक्स बंधूंकडे होते. प्रत्येक चित्रात निरनिराळ्या जागी अ, ब, क यांसारखी रोमन अक्षरे घातलेली आहेत आणि खाली त्याच अक्षरांच्या क्रमाने त्या-त्या ठिकाणी काय घडते ते लिहिले आहे, त्यामुळे डोळा चित्रभर भटकण्याऐवजी ठरवून दिलेल्या वाटेने चालतो. चित्र पाहायचे नसून वाचायचे आहे, ही कल्पना इथे अत्यंत काटेकोरपणे राबवली आहे.

याच वर्षांत लातूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५) सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा, विषय ओव्या आणि आकृत्या यांची सांगड घालून मांडत होते. अँटवर्पचे आणि अंबाजोगाईचे एकमेकांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, आणि दोहोंचे तत्त्वज्ञान भिन्न आहे. पण अवघड आशय आकृतीत मांडून तिच्या भागांना शब्दांची जोड द्यायची, हा उपाय दोघांनाही सुचावा ही गोष्ट मोलाची आहे. फरक साधनात आहे. पासोडी एकच आहे आणि ती पाहायला अंबाजोगाईला जावे लागते. नादालचे पुस्तक मात्र त्याच दशकांत आशियाच्या किनाऱ्यांना लागले. चीनमध्ये ज्यूलिओ आलेनी याने १६३७ मध्ये त्यातील निवडक चित्रे लाकडी ठशांवर उतरवून घेतली, आणि रोमन अक्षरांच्या जागी चिनी क्रमचिन्हे घातली.

पुस्तके मात्र थोड्यांसाठी होती. खरा पसारा सुट्या कागदांचा होता. संतांची छोटी चित्रे प्रार्थनापुस्तकात खूण म्हणून ठेवली जात, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना बक्षीस दिली जात, घराच्या दारावर आणि पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवली जात. यात्रास्थळी विकल्या जाणाऱ्या चित्राला आणखी एक महत्त्व होते: बव्हेरियातील आल्टओटिंगसारख्या ठिकाणी असे चित्र तिथल्या मूळ मूर्तीला टेकवून देत, आणि तसे टेकवल्याची नोंद चित्रावरच छापलेली असे. मराठवाड्यातील वाचकाला हे समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. देव्हाऱ्यातले खंडोबाचे किंवा भवानीचे टाक चांदीचा पातळ पत्रा धातूच्या ठशावर ठोकून घडवतात, म्हणजे एका ठशातून अनेक देव निघतात, आणि तरीही ते टाक जेजुरीला नेऊन देवाशी भेटवले जातात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्या घरांतही ही देवभेटीची रीत परकी नाही. नक्कल झाल्याने पावित्र्य कमी होते ही समजूत कलाबाजाराची आहे, भक्ताची नव्हे. भक्ताच्या लेखी स्पर्शाने साखळी पुन्हा जुळते. मध्य युरोपात तर याही पुढची पायरी होती: टपाल तिकिटाएवढी मरियेची चित्रे एका कागदावर ओळीने छापलेली मिळत, आणि आजारी माणसाला किंवा गुरालाही त्यांतले एक पाण्यातून अथवा खाण्यातून गिळवत. ट्रेंटच्या विद्वान धर्मगुरूंना प्रतिमेत शक्ती नसते हे लोकांनी शिकायला हवे होते. लोकांनी प्रतिमाच औषध म्हणून पोटात घातली.

या मागणीवर मोठे उद्योग उभे राहिले. पॅरिसच्या सँ-जाक रस्त्यावर चित्रविक्रेत्यांची रांग होती. इटलीतील बासानो गावात सतराव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेल्या रेमोंदिनी घराण्याच्या छापखान्याचा माल तेझिनो खोऱ्यातले फेरीवाले पाठीवर घेऊन युरोपभर पायी हिंडत.

गोव्यात छपाईचे यंत्र ६ सप्टेंबर १५५६ रोजी आले. ते खरे तर इथिओपियाला निघालेल्या जेझुइटांबरोबर होते. तो प्रवास पुढे झाला नाही आणि भारतातील पहिला छापखाना असा काहीसा योगायोगाने सेंट पॉल महाविद्यालयात बसला. त्यातून धर्मशिक्षणाची पुस्तके निघाली, १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचा वनौषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथही निघाला. पण हा छापखाना मुख्यतः अक्षरांचा होता. देवचित्रे जहाजातून येत. कागद हलका, गुंडाळून ठेवण्याजोगा आणि पुतळ्याच्या तुलनेत फुकटात पडणारा असल्याने चर्च सजवू पाहणाऱ्या धर्मगुरूच्या सामानात तो नमुना म्हणून असे, आणि गोव्याचे सुतार, सोनार, हस्तिदंत कोरणारे कारागीर तो समोर ठेवून वेदी आणि मूर्ती घडवीत. रेषांच्या जाळीने दाखवलेली छाया लाकडात किंवा हस्तिदंतात कशी उतरवायची, कागदावर नसलेली पाठीमागची बाजू कशी कल्पायची, काळ्या-पांढऱ्या चित्राला रंग कोणता द्यायचा, हे सारे निर्णय कारागिराचे असत, आणि तिथेच इथल्या वेली, इथली फुले, इथले मिटलेले डोळे आत शिरत. गोव्यात घडलेल्या हस्तिदंती बालमेंढपाळाची मूर्ती याचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे: डोंगराच्या उतरंडीवर डोके हातावर टेकून बसलेला हा ख्रिस्त ध्यानस्थ वाटतो. यांतले अनेक कारागीर हिंदू होते. ख्रिस्ती प्रतिमा बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असे गोव्याच्या १५६७ च्या प्रांतिक धर्मसभेने फर्मावले. अशी मनाई करावी लागली यातच ती पाळली जाणे किती अवघड होते ते दिसते. याच वर्षांत साष्टी आणि बारदेश भागांतली देवळे पाडली जात होती, हेही या देवाणघेवाणीचे कौतुक करताना नजरेआड करता येत नाही. प्रतिमाभंजनाने अँटवर्पमध्ये पोळलेला पंथ गोव्यात स्वतः प्रतिमाभंजक होता.

या पार्श्वभूमीवर फादर थॉमस स्टीफन्सचे काम पाहावे लागते. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टीत राहून मराठी आत्मसात केली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात ताम्रचित्रांचा प्रश्न नव्हता; पण नादालने रेषांनी जे साधले, ते स्टीफन्सने ओवीने साधले असे म्हणता येईल. बेथलेहेमची जागा, मरियेचा शोक, क्रुसाची वाट ही दृश्ये ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहावीत असा त्याचा प्रयत्न आहे, आणि जेझुइट म्हणून स्थळरचनेचा अभ्यास त्याच्या रोजच्या साधनेचाच भाग होता. त्यासाठी त्याने निवडलेले माध्यम आपेगाव-पैठणच्या मातीतले होते. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्यामागून चालत आलेली ओवी देवळातल्या पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्याला जवळची वाटली. म्हणजे त्या काळच्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर युरोपीय कागदावरून घडलेली वेदी असे आणि कानांवर मराठवाड्याकडून आलेली चाल. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्येही हे पुराण छापले गेले, तरी या तीनही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांमुळेच ग्रंथ वाचला. हजारो प्रती काढू शकणारे यंत्रही काळापुढे किती दुबळे असते, याची ही एक खूण.

गोव्याहून हे कागद आत, उत्तरेकडेही गेले. १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचलेल्या जेझुइट रुदोल्फो आक्वाविवा आणि त्याच्या सोबत्यांनी अकबराला प्लांतँचे बहुभाषी बायबल भेट दिले, आणि त्यातील ताम्रचित्रांनी मुघल चित्रकारांचे कुतूहल जागे केले. त्यांपैकी केसुदासाने युरोपीय छापचित्रांवरून चित्रे रंगवली. पुढे जहांगीरचा लाडका ठरलेल्या अबुल हसनने वयाच्या तेराव्या वर्षी, १६०० मध्ये, जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५११ च्या चित्रातील संत योहानाची आकृती उतरवून काढली. धर्मांतराच्या दृष्टीने ही मोहीम निष्फळ ठरली. कागदाने जे साधले ते धर्मगुरूंच्या अपेक्षेत नव्हते: दूरच्या वस्तू धूसर दाखवणे, वस्त्राच्या घड्यांना छाया देणे या युक्त्या मुघल कलमाने उचलल्या आणि बाकीचे सोडून दिले.

वाहतूक एकतर्फीही नव्हती. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर वारलेल्या जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियरचा देह १५५४ मध्ये गोव्यात आला, आणि छातीवरचा झगा दोन्ही हातांनी बाजूला सारून वर पाहणारा झेवियर छापचित्रांतून युरोपभर ओळखीचा झाला. १६२२ मध्ये इग्नेशियस आणि झेवियर यांना एकाच दिवशी संतपद मिळाले. त्याआधीच रूबेन्सने अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी झेवियरच्या चमत्कारांचे प्रचंड चित्र रंगवले होते. मूळ चित्र आज व्हिएन्नात आहे, पण त्यावरून मारिनुस या कोरणाऱ्याने काढलेल्या ताम्रचित्रामुळे ते दूरदूर पोहोचले. भारताचा किनाराही न पाहिलेल्या रूबेन्सने त्यात पौर्वात्य मंदिर आणि त्यातून कोसळणारी मूर्ती दाखवली आहे, आणि असंख्य युरोपीय घरांत भारतीय देवाची पहिली ओळख अशी कोसळतानाच झाली असणार. गोव्यातील सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली झेवियरची चांदीची पेटी या विषयावर अधिक शांतपणे बोलते. तिच्यावर त्याच्या आयुष्यातील ३२ प्रसंग चौकटी-चौकटींनी, चित्रपुस्तकाची पाने मांडावीत तसे, उठवलेले आहेत. दरम्यान रोमलाही कागदाची धास्ती वाटू लागली होती: संतपद न मिळालेल्या व्यक्तींची प्रभावळीसह चित्रे लोक आधीच छापून पुजू लागल्याने पोप आठव्या उर्बानने १६२५ मध्ये मंजुरीविना तसे करण्यास बंदी घातली.

गोव्याचे जुने छापखाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावले आणि तिथे मुद्रण पुन्हा सुरू व्हायला १८२१ साल उजाडले. ताम्रमुद्रण मात्र त्याआधीच घाटावर दुसऱ्या वाटेने आले होते. पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या वास्तव्यात एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर छपाईसाठी उलटे कोरण्याची विद्या शिकून घेतली, नाना फडणविसांनी त्याच्याकडून भगवद्गीता कोरून छापण्याचे योजले, आणि १८०० मध्ये नाना वारल्यावर तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. तिथे १८०५ मध्ये ती गीता ताम्रपत्रांवरून कागदावर उतरली, देवनागरीचे एकेक अक्षर आधी उलटे खोदून.